मनोरीच्या खाडीकाठचं आजोळ, दोनदा झालेलं काम आणि आमच्या आर्किटेक्ट मॅडम

पाण्याच्या काठावर ज्यांचं घर आहे, किंवा काठावर काही बांधायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे नक्की वाचा. लांबलचक झालंय, पण एकेक गोष्ट आमच्याच घरात घडलेली आहे. आधी निकाल सांगून टाकते, आर्किटेक्ट मॅडमच्या कामाला पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे येईलच, आणि त्यांच्या आधी ज्याने काम केलं त्याला मी एकही देणार नाही.

तर घर मनोरीला. माझं आजोळ. आम्ही राहतो मालाडला, मार्वेला जायचं, फेरीबोटीत बसायचं, पाच-दहा मिनिटांत पलीकडे. खाडी जिथे समुद्राला मिळते त्या अंगाला घर आहे, मागच्या दारात उभं राहिलं की आधी वाळूची चिंचोळी पट्टी, मग पाणी, आणि जरा बाजूला नजर टाकली की तिवरं. पावसाळी वारा थेट पाठीवर. आजोबांच्या वेळचं बांधकाम, काळ्या दगडाचं जोतं, चुन्यातल्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी. आता तिथे मामा-मामी राहतात. मामाने बोट विकून बरीच वर्षं झाली, पण सकाळी उठल्यावर आधी मागे जाऊन पाणी बघायचं, मग चहा, हे काही सुटलेलं नाही.

२०१६ला आम्ही सगळ्या भावंडांनी पैसे काढून घर दुरुस्त करायचं ठरवलं. ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर मिळाला, नाव लिहीत नाही. तो आला, पडवीत उभा राहिला आणि म्हणाला एवढा सी व्ह्यू आहे आणि तुम्ही तो अंधारात ठेवलाय. आम्हालाही ते पटलं. पडवी काढली, कौलं काढून तिथे स्लॅब टाकला, पूर्ण मागची भिंत काचेची, अॅल्युमिनियमचे स्लायडिंग, आत गुळगुळीत टाइल्स, फॉल्स सीलिंग, बाहेर लोखंडी रेलिंग, जुन्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचं प्लास्टर आणि वाळूच्या पट्टीच्या कडेला छातीएवढी काँक्रीटची भिंत, पाणी अडवायला. गणपतीत सगळे जमलो तेव्हा खूप छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच पावसाळ्यात स्लायडिंगच्या खालच्या पट्टीतून पाणी आत. झड आडवी येते ना आमच्याकडे, वरून नाही, आडवी. काचेवर मिठाचा पांढरा थर बसायचा, पुसला की दोन दिवसांत परत. रेलिंग वर्षाच्या आत तांबडं झालं, पोपडे धरून सुटायला लागलं. दुपारी तीननंतर त्या खोलीत बसवायचं नाही, म्हणून एसी लावला, तर बाहेरच्या युनिटची जाळी खाऱ्या हवेने खाऊन टाकली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भिंती. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, तिला वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते. गुडघ्यापर्यंत लोणा आला, मग कमरेपर्यंत, प्लास्टर हाताने दाबलं की भुगा. मामी रोज सकाळी केरसुणीने ती पांढरी पूड गोळा करायची आणि आम्हाला फोनवर सांगायची नाही, वाईट वाटेल म्हणून. हे मला नंतर कळलं तेव्हा खरंच फार लागलं.

काँक्रीटच्या भिंतीचं वेगळंच. वाळूच्या उतारावर लाट चढते, तिथेच तिचा जोर जिरतो आणि ती मागे जाते. उभ्या भिंतीवर आपटली की जोर जिरत नाही, तो परत फिरतो आणि भिंतीच्या पायाची वाळू उपसून नेतो. दोन पावसाळ्यांत भिंत पाण्याकडे कलली. पण त्याहून जास्त नुकसान भिंत जिथे संपते तिथे झालं, शेजारच्या वाडीत, त्यांच्या दोन माडांची मुळं उघडी पडली. पिढ्यान् पिढ्यांचा शेजार आमचा, ते एका शब्दाने बोलले नाहीत, पण मामाने त्या वर्षी त्यांच्याकडे शिमग्याला जायचं टाळलं. मामा म्हणाला, कुठल्या तोंडाने जाऊ.

मग मॅडम. माझ्या नणंदेच्या मैत्रिणीकडून नंबर मिळाला. दादरला छोटंसं ऑफिस, दोन ज्युनियर, बस. फोनवर पहिला प्रश्न बजेटचा नाही, तर तुमच्याकडे उधाण कधी आहे असा. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती दुपारी बारा-एकच्या आसपास येते आणि तशीच मध्यरात्री, दुसऱ्या दिवशी साधारण पन्नास मिनिटं उशिरा. त्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आल्या, डबा घेऊन, आणि संध्याकाळी ओहोटी पूर्ण उतरल्यावर गेल्या. टेप काढलाच नाही. मामाला बरोबर घेऊन नुसत्या फिरल्या, मामा, सगळ्यात जास्त पाणी कुठवर आलेलं तुम्ही पाहिलंय, भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते तेव्हा, कुठे थांबतं, पावसात लाट कुठल्या अंगाने चढते. मामाने माडाच्या बुंध्यावर हात ठेवून दाखवलं, ज्युनियरने तिथे चुन्याची रेघ मारली. अशा चार रेघा झाल्या. उधाणाच्या दिवशी आपल्याकडे पाणी साडेतीन-चार मीटरने खालीवर होतं, म्हणजे सकाळी बघितलेली जागा आणि संध्याकाळी बघितलेली जागा या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि आम्ही इतकी वर्षं घर बांधताना फक्त एकाच जागेचा विचार करत होतो.

मामाने अजून एक सांगितलं जे आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस, आमच्या घरात पाणी खाडीकडून आलंच नाही, ते गावाकडून आलं, पुढच्या दारातून. समोर भरती असली की पावसाचं पाणी खाडीत उतरायला जागा नसते, ते मागे साचतं. मॅडमने ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे घराला दोन्हीकडून पाणी आहे, अडवायचं नाही, जायला वाट द्यायची. पुढचं सगळं डिझाइन या एका वाक्यावर उभं आहे.

आणि मर्यादवेल. वाळूच्या पट्टीवर ती वेल असते बघा, आपट्याच्या पानासारखी पानं, जांभळी फुलं, जमिनीलगत लांबच लांब पसरते. एक ज्युनियर फोटो काढता काढता तिच्यावर उभा राहिला, मॅडमने त्याचा दंड धरून बाजूला घेतलं. म्हणाल्या, नाव ऐकलंस ना हिचं, समुद्राची मर्यादा कुठे ते हिला आपल्यापेक्षा जास्त कळतं, नकाशावरची भरतीरेषा आपण सरकारकडून आणणारच आहोत, पण ही जमिनीवरची रेघ आहे, हिच्या पुढे आपलं काहीही जाणार नाही. ही वेल वाळू धरून ठेवते. आमच्या भिंतीच्या पायाशी ती पूर्ण मेली होती, शेजारच्यांकडे अजून जिवंत होती, फरक डोळ्यांनी दिसत होता. त्यांची पहिली अट तीच, आधी ती काँक्रीटची भिंत पाडा, मग मी रेघ मारते. पैसे घालून बांधलेली भिंत पैसे घालून पाडायची यावर घरात दोन महिने वाद चालला. मामाने शेवटी स्वतःच घण घेतला.

परवानगीबद्दल थोडं, कारण याचं सगळे विचारतात. किनाऱ्यालगतच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात, पहिले १९९१चे, मग २०११चे, मग २०१९चे. आमच्यासारखं आधीपासूनचं अधिकृत घर असेल तर दुरुस्ती किंवा पुन्हा बांधणं होतं, पण जोत्याचं क्षेत्रफळ आणि एफएसआय (जागेच्या मानाने एकूण बांधकामाचं प्रमाण) जेवढा होता तेवढाच, एक फूटही वाढवायचा नाही. तिवरं तर तोडायचा प्रश्नच नाही, २०१८ला मुंबई हायकोर्टाने त्यावर स्पष्ट निकाल दिलाय आणि कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा म्हटलंय. आमची पहिली काँक्रीटची भिंत यातल्या कशातच बसत नव्हती आणि आम्हाला ते त्या वेळी कुणी सांगितलं नाही. मॅडमने जुनी कर पावती, सिटी सर्व्हेचा नकाशा, आजोबांच्या नावाचे कागद, सगळं आमच्याकडून शोधून घेतलं आणि फाइल स्वतः फिरवली. वेळ लागला, खूप लागला, पण चोरून काही केलं नाही याचं समाधान वेगळं असतं.

डिझाइनच्या मीटिंगला त्यांनी आम्हाला आधी बाणगंगेला नेलं. वाळकेश्वरला समुद्र हाकेच्या अंतरावर आणि मध्ये गोड्या पाण्याचं कुंड, चारी बाजूंनी पायऱ्या. आत्ताचं बांधकाम १७१५चं. मी लहानपणापासून कितीदा गेलेय तिथे पण अशा नजरेने कधी पाहिलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, पाणी वर आलं की चार पायऱ्या बुडतात, खाली गेलं की त्याच चार मोकळ्या होतात, माणूस कधीही आला तरी पाण्याला लागूनच बसतो, कठडा नाही, काच नाही, पंप नाही. पाण्याशी नातं जोडायचं तर पायरीसारखी दुसरी वस्तू नाही. मामी ते ऐकून म्हणाली, मग आमच्याकडे होत्याच की पायऱ्या, तुम्ही लहान असताना, त्या स्लॅबखाली गेल्या. सगळे गप्प.

फोटो पण पुष्कळ दाखवले. अलिबागच्या अंगाला नांदगावला स्टुडिओ मुंबई या आर्किटेक्ट फर्मने २००७मध्ये बांधलेलं पामायरा हाऊस, माडांच्या वाडीत दोन लांबट लाकडी घरं, ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांची झडप, वारा आणि उजेड दोन्ही गाळून आत घेते. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची पेडर रोडची कांचनजंगा ही उंच रहिवासी इमारत, १९८३ची, त्यात त्यांनी पश्चिमेचा प्रश्न सोडवलाय जो आमचाही होता, की समुद्र आणि वारा पश्चिमेला पण दुपारचं ऊन आणि पावसाची झड पण तिकडूनच. जुने बंगले भोवती व्हरांडा घालून ते करायचे, कोरियांनी दोन मजली उंच गच्च्या कोपऱ्यात घातल्या. आणि श्रीलंकेत तिथले आर्किटेक्ट जेफ्री बावा यांचं कांडलमा हॉटेल, तलावाच्या वर खडकावर, खांबांवर उचललेलं, खालून पावसाचं पाणी आपल्या वाटेने जातं आणि वरून वेलींनी इमारत एवढी झाकलीय की लांबून डोंगरच वाटतो. मामाला तो फोटो फार आवडला. हे आमच्या मामाला आवडणं म्हणजे मोठी गोष्ट आहे.

आता काय केलं ते. जुनं दगडी जोतं तसंच ठेवलं, त्यावर घराचा पुढचा भाग. मागचा भाग, जिथे आधी काचेची खोली होती, तो ठेंगण्या खांबांवर उचलला, खाली जमीन मोकळी, वाळूच. पाणी आलं तर खालून जाईल आणि परत जाईल, खाडीकडून येवो नाहीतर गावाकडून. पडवी परत आली, पाच फूट बाहेर आलेलं छप्पर, कौलं परत आली, पागोळ्या घराच्या पायापासून लांब पडतात. मागच्या बाजूला लाकडी उभ्या पट्ट्यांच्या झडपा, पावसात बंद, बाकी वेळ उघड्या. आणि पडवीच्या मापातच आत काढलेल्या तीन पायऱ्या, बाहेर एक इंचही नाही.

एक प्रसंग सांगितलाच पाहिजे कारण त्यावरून मॅडम काय आहेत ते कळतं. खांबांच्या काँक्रीटचा दिवस, मिक्सर चालू, माणसं आलेली. मॅडम सकाळी पहिल्या बोटीने आल्या, साडी नेसलेल्या, कारण दुपारी कुणाकडे तरी कार्यक्रम होता. तशाच गुडघ्यावर बसल्या आणि शटरिंगच्या आत हात घालून सळी आणि फळीच्या मधलं अंतर बोटांनी मोजलं. मिस्त्रीने नेहमीचे २५ मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळीवर काँक्रीटचा थर किती राहील ते ठरवणारे ठोकळे, लावले होते. खारं वारं काँक्रीटमधून हळूहळू आत शिरतं, सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो, आपल्याकडच्या समुद्रालगतच्या जुन्या बिल्डिंगांच्या गॅलऱ्या बघा, तेच. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६मध्ये, समुद्राचे तुषार अंगावर येतात अशा ठिकाणी कमीत कमी ५० मिलिमीटर कव्हर आणि एम-३५ दर्जाचं काँक्रीट सांगितलंय. मॅडमने मिक्सर बंद करायला लावला. मिस्त्री म्हणाला मॅडम सगळीकडे एवढंच लावतो, माल फुकट जाईल. मॅडम शांतपणे म्हणाल्या, दादा, तुमच्या हाताला नाव ठेवत नाहीये, पण हे घर बोटीसारखं आहे, पाण्यात उभं राहणार, बोटीला फळी पातळ लावतात का. मिस्त्रीने ब्लॉक बदलले, पूर्ण दिवस गेला, जो माल कालवला होता तो अंगणाच्या वाटेत वापरला. मॅडम कार्यक्रमाला गेल्याच नाहीत.

काँक्रीटला गोडं पाणी टँकरने आणलं, विहिरीचं चालू दिलं नाही कारण जरा मचूळ आहे. वाळू आसपासची नाही, तपासून बाहेरून आणलेली. बाहेरचे स्क्रू, बिजागऱ्या सगळं ३१६चं स्टेनलेस, ३०४ नाही. ३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं, मिठापुढे ते जास्त टिकतं. दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून दाखवतो, दिसायला सारखंच, तेव्हा बिलावर लिहून घ्या. भिंतींवरचं सिमेंट पूर्ण खरवडून चुन्याचं प्लास्टर केलं. चुना मुरवायला ठेवला होता तेव्हा मामी रोज झाकण उघडून बघायची, लोणचं मुरतंय तसं. चुन्यात काम करणारा गवंडी मिळायला अवघड गेलं, शेवटी वसईकडचे एक वयस्कर बाबा आले, त्यांनी थापी फिरवली की भिंत साबणासारखी दिसायची. दोन पावसाळे झाले, लोणा नाही. मी अजून प्रत्येक वेळी गेले की तळहात लावून बघते.

आता व्ह्यूबद्दल, कारण आमची पहिली चूक तिथून सुरू झाली. आधी काचेतून सगळं पाणी एकदम दिसायचं, आत शिरल्या शिरल्या. पहिले आठ दिवस भारी वाटायचं, मग नजर जाईनाशी झाली, मामी तर पडदाच ओढून ठेवायची, चकाकी डोळ्यांना लागते म्हणून. मॅडमने काय केलं, पाणी थोडं थोडं दाखवलं. गल्लीतून ओटीवर येता तेव्हा दिसतच नाही, नुसता वास आणि आवाज. माजघर थंड आणि जरा अंधारं. तिथे एक खिडकी आहे, जमिनीपासून फक्त दीड हात उंचीची, उभ्या माणसाला त्यातून काही दिसत नाही. पण मामी विळी घेऊन मासे कापायला खाली बसते तेव्हा तिच्या बरोबर डोळ्यांसमोर पाणी येतं. फक्त तिच्यासाठी केलेली खिडकी. मॅडम तीन वेळा नुसत्या तिच्या बाजूला पाटावर बसून गेल्या होत्या, आम्हाला वाटायचं गप्पा मारतात, त्या उंची मोजत होत्या. मग मागचं दार उघडलं की पडवी, आणि सगळं एकदम. दर वेळी पोटात काहीतरी होतं माझ्या.

एसी काढून टाकला. दिवसा खारे वारे समुद्राकडून, रात्री मतलई वारे जमिनीकडून, शाळेत भूगोलात पाठ केलेलं, ते आमच्या घरात चालतं हे आत्ता कळलं. माजघराच्या दोन्ही बाजूंना वर झरोके ठेवलेत, गरम हवा तिथून निघून जाते. मे महिन्यात पंखा लागतोच, पण नुसता पंखा पुरतो.

सांडपाण्याचं पण सांगते, हे कुणी रिव्ह्यूमध्ये लिहीत नाही. खाडीकाठी जमिनीखालचं पाणी खूप वर असतं, सेप्टिक टँक रिकामा केला आणि भोवती पाणी चढलं तर टाकी होडीसारखी वर उचलली जाऊ शकते. म्हणून ती खाली जड काँक्रीटच्या पायाला बांधून घातलीय. मोरी आणि स्वयंपाकघराचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून जातं, खडी, वाळू आणि कर्दळ, मगच बाहेर. आधी ते सरळ पाइपाने खाडीत जायचं. त्याच पाण्यात मामा आयुष्यभर जाळी टाकत होता, आणि पाइप पण आमचाच. रात्री मागचे दिवे पिवळे आणि खाली तोंड केलेले, पाण्यावर उजेड पडत नाही. काचा गेल्यापासून खंड्या आपटून मेलेला एकही दिसला नाही, आधी वर्षात दोन-तीन तरी सापडायचे. लॉन काढून भेंडी (भाजीची नव्हे, किनाऱ्यावरचं झाड), उंडी आणि एका कोपऱ्यात केवडा.

आता अर्धा स्टार. एक म्हणजे वेळ, चौदा महिने सांगितले होते, लागले बावीस, त्यात परवानगीचे धरले तरी शेवटचे चार महिने निव्वळ ड्रॉइंग बदलण्यात गेले. झडपांची पट्टी किती जाड यावर पाच नमुने झाले. मॅडम संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत, साइटवर काही अडलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. फी कामाच्या खर्चाच्या नऊ टक्के, आमच्यासाठी कमी नाही, पण साइटवर किती वेळा आल्या ते बघता मी तक्रार करणार नाही.

दुसरं आणि खरं कारण म्हणजे मच्छर. एवढा सगळा विचार केला, वारा, झड, मीठ, पाणी, आणि संध्याकाळी सहा ते आठ खाडीवरून चिलटं आणि मच्छर येतात हे राहूनच गेलं. पहिल्या संध्याकाळी पडवीत हौसेने पानं मांडली आणि दहा मिनिटांत सगळे आत पळालो. मग नंतर जाळ्यांच्या चौकटी बसवाव्या लागल्या, त्या झडपांच्या आतून येतात आणि झडप उघडताना अडकतात. हे पहिल्यापासून ड्रॉइंगमध्ये असायला हवं होतं. मॅडमने मान्य केलं, जाळ्यांच्या कामाची फी घेतली नाही, पण मला तरी ते अजून खटकतं. शिवाय लाकडाला वर्षातून दोनदा तेल द्यावं लागतं, ते मामाच्या वयाला झेपत नाही, आम्ही भावंडं पाळीने जातो. ज्यांना घर बांधून विसरून जायचंय त्यांनी काठावर बांधू नये असं मला वाटतं, मग आर्किटेक्ट कितीही चांगला असो.

कुणाला घ्यावं? ज्यांना मॅडमच्या वेगाने चालणं जमेल त्यांनी जरूर. वीकेंडला फोटो काढायला मोठी काच आणि पूल हवाय त्यांचं यांच्याशी जमणार नाही, त्या पहिल्याच भेटीत तसं सांगतात. आणि कुठलाही आर्किटेक्ट घ्या, पण त्याला एकदा उधाणाला आणि एकदा ओहोटीला जागेवर बोलवा, आणि तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी किती वेळ बोलतो ते बघा. आमच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने मामाला एक प्रश्न विचारला नव्हता.

महापालिका पावसाळ्याच्या आधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते, मामा ती यादी पेपरमधून कापून ओटीवर चिकटवतो. या वर्षी अशाच एका दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेले. पाऊस चालू, वारा सुटलेला, साडेबारापर्यंत पाणी चढत चढत खांबांमध्ये आलं, पडवीच्या फळ्यांखाली. मी आणि मामी पडवीत उभ्या, पायाखाली लाटेचा आवाज, फळ्यांच्या फटीतून फेस दिसत होता. मामी काही बोलली नाही, माझा हात घट्ट धरला होता तिने. दोन पायऱ्या बुडल्या, तिसरी ओली झाली, तेवढ्यावर थांबलं. दीडच्या सुमारास उतरायला लागलं आणि संध्याकाळी खाली उतरून बघितलं तर खांबांच्या मध्ये वितभर नवीन वाळू येऊन पडली होती, आणि त्यात खेकड्यांची बिळं सुद्धा.

मामा काठी घेऊन पाडलेल्या भिंतीच्या जागेपर्यंत गेला आणि मला हाक मारली. शेजारच्या वाडीतून मर्यादवेलीचा एक फाटा आमच्या हद्दीत आला होता, भिंत होती ती जागा ओलांडून, पुढे चार-पाच पानं कोवळी. मामा वाकून त्यावरचा प्लॅस्टिकचा कचरा एकेक करून काढत बसला, मी पण बसले. शेजारचे काका त्यांच्या माडाखालून बघत होते. म्हणाले, राहू दे रे ती, आमच्याकडून आलीय, वाढू दे. मामा म्हणाला, वाढवतो की, संध्याकाळी चहाला या मागे, पायऱ्यांवर बसू.